पुत्रदा एकादशीची डेडलाइन

अहिल्याबाई कानिटकरांना जे सांगायचं असे, ते त्या सरळ कधी सांगत नसत. कीर्तनाच्या उत्तररंगात सांगत.

अमेरिकेतल्या, रेडमंडच्या त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या मुलाने, शंतनूने, मेडिकल स्कूलचा प्रवेश सोडून एका हॉकी क्लबात व्हिडिओ कापायची नोकरी धरली, तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता. त्याचे वडील, डॉक्टर प्रल्हाद, जेवतानासुद्धा पेपर तोंडासमोर धरून बसायचे. मग एकादशी आली. बेसमेंटमध्ये नेहमीसारखी सतरंजी पडली, पेटी-तबला लागला, आणि अहिल्याबाईंनी उत्तररंगाला बापाच्या मांडीवरून उठून रानात गेलेल्या लेकराचं आख्यान लावलं. असं लावलं की तबलजींनी उपरण्याने डोळे पुसले. आरती झाली, प्रसाद झाला, आणि वर आल्यावर डॉक्टरांनी पेपर बाजूला ठेवून मुलाला विचारलं, "हेल्थ इन्शुरन्स तरी देतात का ते लोक?"

झालं. परवानगी मिळाली होती.

त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. डॉक्टर गेले. शंतनू केनमोर हेरन्स नावाच्या ज्युनियर क्लबाचा जनरल मॅनेजर झाला. हेरन म्हणजे बगळा. अहिल्याबाई क्लबाला 'आपले बगळे' म्हणायच्या, आणि आपले बगळे सपाटून हरत होते.

हरत होते, कारण हरायचं ठरलं होतं. त्या धंद्यात याला रिबिल्ड म्हणतात. ज्युनियर लीग ही सोळा ते वीस वर्षांच्या पोरांची. बर्फावरची हॉकी. दर मे महिन्यात सगळे क्लब बसून चौदा-पंधरा वर्षांची नवी मुलं पाळीपाळीने निवडतात. जो जास्त हरला, त्याची पाळी आधी. या पाळीला पिक म्हणतात. आणि ही पाळीही देता-घेता येते, पुढच्या वर्षाची, त्याच्या पुढच्या वर्षाची. तयार झालेला एकोणीस वर्षांचा खेळाडू जिंकणाऱ्या क्लबाला द्यायचा, बदल्यात त्यांच्या पाळ्या घ्यायच्या, आणि काही वर्षांनी आपला दिवस येईल म्हणून वाट बघायची. शंतनूने अशी निम्मी टीम देऊन टाकली होती. कॅप्टन दिला. कॅप्टनच्या बदल्यात जी पाळी आली, तिच्यात जो मुलगा निवडला जाणार होता तो आज कुठेतरी पाचवीत असेल, दप्तर फरफटत जात असेल.

"म्हणजे घरातला मुलगा देऊन टाकायचा, आणि जो अजून दिसलाही नाही त्याचा पाळणा सजवत बसायचं," अहिल्याबाई म्हणाल्या होत्या.

"आई, सगळे क्लब असंच करतात."

"सगळेच असं करतात, तर मग जिंकतं कोण?"

याचं उत्तर शंतनूच्या लॅपटॉपमध्ये होतं, रंगीत आलेखांसकट. पण आईसमोर लॅपटॉप उघडावा असं त्याला वाटलं नाही.

या पोरांची घरं लांबलांब असतात, म्हणून क्लब त्यांना गावातल्या कुटुंबांकडे ठेवतो. मुलगा तिथेच जेवतो, झोपतो, आपली ताटली धुतो. धंद्यातल्या जुन्या माणसांचा एक नियम आहे की मॅनेजरने स्वतःच्या नात्यातल्या घरी खेळाडू ठेवायचा नाही. शंतनूने तो मोडला. डॉक्टर गेल्यानंतरच्या हिवाळ्यात अहिल्याबाईंनी कीर्तन बंद केलं होतं. एवढ्या मोठ्या घरात त्या संध्याकाळी दिवेसुद्धा न लावता बसायच्या. त्याच सुमारास मोंटानातून आलेल्या सतरा वर्षांच्या एका गोलकीपरला घर मिळत नव्हतं.

कोल्टन रीस त्याचं नाव. बाप गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रक चालवायचा, आई लहानपणीच घर सोडून गेलेली. पहिले पंधरा दिवस त्याने दूध-सीरियलखेरीज काही खाल्लं नाही, आणि अहिल्याबाई त्याच्याशी "ईट, ईट" याखेरीज काही बोलल्या नाहीत. मग एका एकादशीला दूध संपलेलं होतं म्हणून त्याने साबुदाण्याची खिचडी खाल्ली, आणि त्या संध्याकाळी एकही गोल होऊ दिला नाही. गोलकीपर लोक भलते सोवळे असतात. चांगल्या दिवशी जे केलं, ते तसंच्या तसं पुढे चालवायचं. डावा बूट आधी तर जन्मभर डावाच आधी. तेव्हापासून घरच्या प्रत्येक मॅचला खिचडी.

"पोराला आठवड्यातून दोन-दोन उपास घडतात," अहिल्याबाई मैत्रिणींना फोनवर सांगायच्या, "आणि जाड झालेय मी."

तो त्यांना आजी म्हणायला लागला. बेसमेंटच्या भिंतीवर डॉक्टरांचे टाळ खिळ्याला टांगलेले होते. एक दिवस त्याने विचारून ते खाली काढले. लय त्याच्या अंगातच होती. रोज संध्याकाळी तास-दोन तास अंगावर येणारा पक, ती रबरी चकती, अडवणाऱ्याला मात्रा कुठे पडणार हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्याने टाळ धरले, म्हणून अहिल्याबाईंनी पुन्हा चिपळ्या धरल्या. शंतनूने त्या दिवशी गाडीत बसून आधी बायकोला फोन केला होता.

हे सगळं लक्षात घेतलं, म्हणजे त्या जानेवारीत काय झालं ते समजेल.

कोल्टन एकोणीस वर्षांचा झाला होता. पाठीमागे टीम अशी नव्हतीच. बगळ्यांच्या गोलवर रोज चाळीस-पन्नास शॉट यायचे, आणि तो निम्म्या लीगचा कौतुकाचा विषय होता. लुइस्टनचा क्लब पहिल्या नंबरवर चालला होता आणि नाताळाच्या आधी त्यांच्या गोलकीपरचा गुडघा गेला. त्यांच्या मॅनेजरचा, डग फॅरेलचा, फोन येणार हे शंतनूला त्याच दिवशी कळलं होतं. फोन आला. ट्रेडची, म्हणजे या देवाणघेवाणीची, खिडकी जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी दोनला बंद होणार होती. आणि तो शुक्रवार म्हणजे पुत्रदा एकादशी.

"सरळ विचार ना यार त्याला, तुला जायचंय का म्हणून," शंतनूची बायको रेणू म्हणाली. ती तिच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या बसची वाट बघत खिडकीशी उभी होती. बाहेर पाऊस.

"खेळाडूला विचारून ट्रेड करत नाहीत."

"मग आईंना विचार."

"आईला काय विचारणार, रेणू? त्या पोरामुळे ती उठून उभी राहिलीये."

"तुम्ही कानिटकर लोक ना! रोज सकाळी एकमेकांना फुलांचे फोटो पाठवाल, पण एक प्रश्न विचाराल तर शपथ." बस आली. छत्री उघडता उघडता ती म्हणाली, "विचार. माझ्यासाठी."

म्हणून गुरुवारी दुपारी तो आईकडे गेला. अहिल्याबाई ओट्याशी दाण्याचं कूट करत होत्या.

"उद्या येशील ना?"

"उद्या डेडलाइन आहे, आई."

"तुझं दोनला. माझं अकराला." कीर्तन दिवसाउजेडी असे, कारण ऐकणारे सगळे सत्तरीच्या पुढचे, जानेवारीत चारला अंधारून येतं आणि पावसात हायवेला लागायची कोणाची छाती नसते.

शंतनू थोडा वेळ दाणे निवडत बसला. मग म्हणाला, "लुइस्टनचा फोन आलाय. कोल्टनसाठी."

मिक्सर थांबला.

"बरा क्लब आहे?"

"पहिला आहे."

"हं."

"तुला काय वाटतं?"

त्याने खरंच विचारलं होतं. पुढे कित्येकदा त्याने स्वतःला हे बजावलं, की मी विचारलं होतं. अहिल्याबाईंनी मिक्सरचं झाकण काढलं, बोटाने कूट खाली केलं, पुन्हा लावलं.

"उद्या उत्तररंगाला मथुरेचा रथ लावते," त्या म्हणाल्या. "तू ये. आणि शेवटपर्यंत बस."

मथुरेचा रथ म्हणजे कृष्णाला गोकुळातून न्यायला रथ येतो, ते आख्यान. शंतनूने ते आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकलं होतं, बहुतेक वेळा आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत. त्यातलं त्याला एवढंच आठवत होतं की रथ घेऊन येणारा माणूस वाईट नसतो. भक्तच असतो. तरी सगळं गोकुळ त्याला शिव्याशाप देतं. घरी जाताना वायपरच्या तालावर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली: आईने उत्तर दिलं, आणि ते उत्तर 'नेऊ नकोस' असं आहे.

शुक्रवारी गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या चपला, बूट, वॉकर, मिटलेल्या छत्र्या, आणि भिंतीशी कोल्टनची अवाढव्य किटबॅग. खाली बेसमेंटमध्ये गुडघेवाल्यांसाठी खुर्च्या, बाकीच्यांसाठी सतरंजी. पेटीवर राजेश काका. जन्मभर विमानाच्या कारखान्यात पंखांची मोजमापं केलेला माणूस, पण पेटीवर बसला की डोळे मिटून बसायचा. त्यांच्या शेजारी कोल्टन. टाळ हातात, आणि अंगात चक्क सूट-टाय. टीम गावाबाहेर निघते तेव्हा पोरं घालतात तो. एकादशीला नटलाय पठ्ठ्या, असं शंतनूला वाटलं.

नऊवारी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. अहिल्याबाई उभ्या राहिल्या की शहात्तर वर्षांच्या वाटत नसत. पूर्वरंगात त्या ठेवीवर बोलल्या. देव आपल्याला देतो ते मालकीने देत नाही, सांभाळायला देतो. ठेव मागायला आलेल्याशी भांडायचं नसतं, उलट ती आपण जास्तच उजळ करून परत द्यायची, असं काहीसं. शंतनूने ते अर्धंमुर्धं ऐकलं. खिशात फोन सारखा थरथरत होता आणि तो मांडीआड धरून डगला 'थोडं थांब' असं लिहीत होता.

मध्यंतर झालं. भजन सुरू असताना कोणीतरी अहिल्याबाईंच्या गळ्यात हार घातला. बुक्क्याची वाटी घेऊन कोल्टन सगळ्यांमधून फिरला, हे काम त्याने पहिल्या वर्षीच मागून घेतलं होतं. एकेका कपाळाला काळा ठिपका लावत तो शंतनूपाशी आला. ठिपका लावला. आणि अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाला, "एनीथिंग, मिस्टर के?"

काही कळलं का, एवढाच प्रश्न. पोराच्या डोळ्यांत शंतनूला भीती दिसली. निदान त्याने तिला भीती म्हटलं.

"काळजी करू नकोस," तो म्हणाला.

मग उत्तररंग.

"गोकुळात पार्किंगची बोंब नव्हती बरं का," अहिल्याबाईंनी सुरुवात केली, आणि खुर्च्या हसल्या. "रथ थेट नंदाच्या अंगणात. घोडे फुरफुरताहेत. आणि घरात काय? घरात लोणी कढतंय. आईला वासावरून कळतं, आज तूप नेहमीसारखं नाही."

त्या बोलत गेल्या, गात गेल्या. सकाळ झाली, गल्लीगल्लीत बातमी गेली. गाई दोर तोडायला लागल्या. गोपी धावत आल्या आणि कोणी काही ठरवलं नव्हतं तरी एकेक जण रथाच्या चाकांपुढे आडवी पडली. पेटी वर चढली. टाळ आता जलद पडत होते. पुढच्या रांगेतल्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. अहिल्याबाई दोन पावलं पुढे आल्या, उपरणं सावरलं, आणि त्यांची नजर बेसमेंटच्या दाराशी, शंतनूवर येऊन थांबली.

"आणि त्या म्हणतात, अरे रथवाल्या! तुला घरी आई नाही का रे?"

फोन थरथरला. डग.

कीर्तनातून मध्येच उठत नाहीत. अगदी उठावंच लागलं तर पद संपू देतात. शंतनूला हे बोलायला लागायच्या आधीपासून माहीत होतं. पण पद तसंच लांबत होतं, आई तशीच बघत होती, आणि त्याला वाटलं की आणखी एक ओळ ऐकली तर आपण इथेच रडू. तो उठला. टाळाचा एक ठोका चुकला. दोन वर्षांत कोल्टनचा कधी चुकला नव्हता.

गॅरेजमध्ये गारठा होता. बसायला काही नव्हतं, म्हणून तो कोल्टनच्या किटबॅगवर बसला. बॅगेवर सुतळीने बांधलेला एक स्टीलचा डबा होता. प्रसादाचा असेल म्हणून त्याने तो बाजूला ठेवला.

"शान," डग म्हणाला, "माझ्या पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या पाळ्या. आणि तो सोळा वर्षांचा डिफेन्समन, जो तू तीनदा बघायला आला होतास. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही. दुसऱ्या लाइनवर मी आणखी एका गोलकीपरचं बोलतोय. मला आत्ता सांग."

शंतनूने ज्याच्यासाठी निम्मी टीम दिली होती, ते सगळं या एका वाक्यात पुरं होत होतं. आज संध्याकाळी क्लबातल्या फळ्यावर हे लिहिलं असतं तर मालकाने त्याला मिठी मारली असती.

"नाही," तो म्हणाला. "तो कुठे जात नाहीये."

डग हसला. त्या धंद्यात कोण कोणाच्या घरी राहतं हे सगळ्यांना माहीत असतं. "काय झालं? आई नाही म्हणाली?"

"हो," शंतनू म्हणाला. "आई नाही म्हणाली."

फोन ठेवल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. कॅप्टनला बोलावून सांगितलं त्या दिवसापासून छातीत जो दगड होता, तो नव्हता. एक तरी पोर मी ठेवलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या. भरल्या सभेतून परत आत जायची लाज वाटली म्हणून तो तिथेच बसून राहिला, त्या बॅगेवर. खालून आईचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मग आरतीची घंटा ऐकू आली.

वर स्वयंपाकघरात वरीच्या तांदळाचा आणि दाण्याच्या आमटीचा वास भरला होता. अहिल्याबाई अजून हारासकट होत्या. चेहरा धुतल्यासारखा.

"आला ना फोन?" त्यांनी विचारलं. "किती वाजता निघायचंय त्याला? चार घास खाऊन जाईल एवढा वेळ आहे का?"

"कुठे?"

"कुठे काय? लुइस्टनला."

शंतनूला हसू आलं, खरंच आलं. "आई, मी नाही म्हणून सांगितलं. तो कुठे जात नाहीये. इथेच आहे तो."

अहिल्याबाईंच्या हातात पळी होती. ती त्यांनी आमटीत सोडली नाही की बाहेरही ठेवली नाही.

"नाही म्हणून सांगितलंस."

"तूच तर..."

"तू बसलास शेवटपर्यंत?"

त्याने जिन्याकडे पाहिलं.

"यशोदा बाहेर आली," अहिल्याबाई म्हणाल्या. आवाजात आता सूर नव्हता, नुसते शब्द होते. "चाकापुढून एकेकीला हात धरून तिने उठवलं. म्हणाली, उठा गं, त्याला उशीर होतोय. आणि स्वतःच्या हाताने शिदोरी रथात ठेवली. चाळीस वर्षं मी हे आख्यान असंच लावते, शंतनू. तुला ठाऊक नाही?"

त्याला ठाऊक नव्हतं. लहानपणी तो त्याआधीच झोपलेला असायचा.

"त्याने मला नाताळातच सांगितलं," त्या पुढे म्हणाल्या. "लुइस्टनच्या पोराचा गुडघा गेल्याचं. म्हणाला, आजी, तिथे गेलो तर मे महिन्यापर्यंत खेळेन, मोठ्या क्लबांचे लोक बघायला येतात. इथे कोणी येत नाही. पण मिस्टर केंना कसं सांगू, त्यांना वाटेल बुडत्या टीममधून पळतोय. मी म्हटलं, तू बोलू नकोस, मी सांगते त्याला."

"मग का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की! मघापासून खाली काय करत होते मी?"

"काल इथे, या ओट्यापाशी सांगायचं होतंस!" शंतनू ओरडला. जिन्यात राजेश काका हातात ताटली घेऊन तिथल्या तिथे थांबले. "एक शब्द! हो, एवढा एकच!"

"मी कधी काही ओट्यापाशी सांगितलंय?" अहिल्याबाई म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा म्हातारा वाटला.

तो गॅरेजमध्ये धावला. डगने फोन लगेच उचलला. "सॉरी, शान. त्या दुसऱ्याचे कागद लीगकडे गेलेसुद्धा." शंतनूने आणखी एका क्लबाला लावला, मग आणखी एकाला. सगळे नीट बोलले. वर जायची आशा असलेल्या प्रत्येकाकडे आज गोलकीपर होता. घरात काकू मंडळी ताटल्या विसळत होत्या, उरलेल्या आमटीचे डबे भरत होत्या, "अगं चष्मा कोणाचा राहिला" असं चाललं होतं, आणि त्या गोंगाटात दोन वाजून गेले.

कोल्टन दाराशी येऊन उभा होता. सूट, टाय, कपाळावर बुक्का. त्याला कोणी सांगावं लागलं नाही. त्याने शंतनूकडे पाहिलं, मग किटबॅगकडे, मग तिच्या शेजारी खाली ठेवलेल्या डब्याकडे. डब्यात डिंकाचे लाडू होते, रस्त्यासाठी.

"इट्स ओके, मिस्टर के," तो म्हणाला.

"कोल्टन, मला वाटलं तुला..."

"आय नो. मीही बोलायला हवं होतं." त्याने हसायचा प्रयत्न केला. "निदान खिचडी तरी चालू राहील."

त्याने बॅग खांद्याला लावली आणि जिना चढून आपल्या खोलीकडे निघाला. ती बॅग जिन्यात वळवताना प्रत्येक पायरीला अडकत होती. कोणी मदतीला गेलं नाही. जावं की नाही, हेच कोणाला कळेना.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. फेब्रुवारीत एका रात्री पन्नासाव्या की साठाव्या शॉटला कोल्टन वाकला आणि उठला नाही. मांडीच्या सांध्यात आतून फाटलं होतं. क्लबाच्या डॉक्टरांनी सीझन संपल्याचं सांगितलं. लुइस्टनने घेतलेला तो दुसरा गोलकीपर चांगला खेळत राहिला, आणि मार्च उजाडायच्या आत एका व्यावसायिक क्लबाने त्याच्याशी करार केला. कोल्टनपेक्षा तो फार चांगला होता असं कोणी म्हणालं नाही. तो फक्त लोक बघायला येत होते तिथे उभा होता. बगळ्यांच्या मालकाने शंतनूला बोलावून कॉफी दिली आणि नोकरीवरून काढलं. नव्या मॅनेजरने पुढच्या वर्षीच्या यादीत दुखावलेल्या वीस वर्षांच्या गोलकीपरला जागा ठेवली नाही, आणि धंद्याच्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. पाळ्या आल्या नव्हत्या, पोरही राहिलं नव्हतं. शंतनूने दोन वर्षं आजचं देऊन उद्याचं घेतलं, एकदाच उद्याचं सोडून आजचं धरलं, आणि हातात दोन्हींतलं काही उरलं नाही.

न्यायला कोल्टनचा बाप आला. त्याच ट्रकने, मागे गवताच्या काड्या अडकलेल्या. अबोल माणूस, टोपी काढून दारातच उभा राहिला आणि अहिल्याबाईंना "मॅम, थँक यू" एवढंच म्हणाला. कोल्टन कुबडी घेऊन बेसमेंटमध्ये उतरला आणि टाळ खिळ्याला परत टांगून आला. अहिल्याबाईंनी डबा ट्रकमध्ये सीटवर ठेवला. पट्टा लावला त्याला, मुलाला लावावा तसा. ट्रक वळणापर्यंत दिसत होता. शंतनू बाजूला उभा होता. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

चैत्रातल्या एकादशीला तो सकाळीच आला. नोकरी नव्हती, वेळच वेळ होता. सतरंजी त्याने अंथरली, खुर्च्या त्याने मांडल्या. फोन गाडीत ठेवून आला आणि अगदी पुढे, भिंतीशी बसला. पूर्वरंग झाला. अहिल्याबाईंनी काय सांगितलं ते त्याने शब्दन् शब्द ऐकलं, पण कशावर बोलल्या ते कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, इतकं ते सपाट होतं. मध्यंतरात हार झाला. बुक्क्याची वाटी घेऊन कोणी उठेना, तेव्हा तोच उठला आणि सगळ्यांना ठिपका लावून परत जागेवर बसला.

राजेश काकांनी सूर धरला. अहिल्याबाई चिपळ्या घेऊन उभ्या होत्या. सूर लांबला. काकांनी डोळे उघडले, पुन्हा भाता ओढला, पुन्हा धरला. अहिल्याबाई खिळ्याला टांगलेल्या टाळांकडे बघत होत्या.

"आज एवढंच," त्या म्हणाल्या.

लोक एकमेकांकडे बघू लागले. बरं नसेल म्हणून कोणीतरी घाईने निरांजन लावलं, आरती उरकली. प्रसाद घेऊन सगळे नेहमीपेक्षा लवकर पांगले. शंतनू वर गेला तेव्हा अहिल्याबाई ओट्याशी उभ्या होत्या, जिथे त्या गुरुवारी उभ्या होत्या तिथेच.

"आई, तू उत्तररंग का नाही..."

"शंतनू," त्या म्हणाल्या, "थोडे दिवस येऊ नकोस."

इतकं सरळ. त्याला वाटलं पुढे काही असेल. तो उभा राहिला.

"तू दिसलास की तो जिन्यावरून बॅग ओढत चाललेला दिसतो मला. तुझा एकट्याचा दोष नाही. माझाही आहे. पण नको येऊस."

"बरं," तो म्हणाला.

गॅरेजमध्ये सगळ्यांच्या चपला गेल्या होत्या. त्याचेच बूट तेवढे राहिले होते, भिंतीशी, पूर्वी जिथे बॅग असायची त्या मोकळ्या जागेत. त्याने ते घातले, नाड्या बांधल्या, आणि गॅरेजचं दार वर सरकेपर्यंत थांबला.